कॅशबॅक आणि कॉलेजची शिदोरी

मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च कसा भागेल, ही काळजी पालकांस बहुधा दहावीचा निकाल हातीं आल्यावर वाटूं लागते. वास्तविक मूल पाटी धरितें त्याच दिवशीं तिचा आरंभ व्हावयास पाहिजे; कारण थोड्या पैशास मोठें होण्यास वेळ लागतो, व तो वेळ मागाहून विकत मिळत नाहीं. अलीकडे असें ऐकूं येतें कीं, क्रेडिट कार्डानें खरेदी केली म्हणजे खर्चाचा कांहीं भाग ‘कॅशबॅक’ म्हणून परत मिळतो, व तो सांचवून मुलांच्या कॉलेजची सोय लावितां येते. यांत तथ्य किती व भ्रम किती, हें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम हें कार्ड म्हणजे काय तें समजून घेऊं. बँक आपल्या वतीनें दुकानदाराचें देणें चुकविते, आणि महिन्याच्या शेवटीं आपणांस एकत्र बिल पाठविते. बिल मुदतींत पुरें भरिलें तर व्याज पडत नाहीं. आपल्या देशांत सेंट्रल बँकेनें १९८० सालीं असें कार्ड काढिलें. खर्चाचा अंश रोख परत देण्याची चाल अमेरिकेंत १९८६ सालीं निघालेल्या डिस्कव्हर कार्डानें रूढ केली, व पुढें ती सर्वत्र पसरली. त्याच देशांत १९९६ पासून कॉलेजखर्चासाठीं करांत सवलत असलेलीं निराळीं खातीं आहेत, व कांहीं कार्डांची परत रक्कम परभारें त्या खात्यांत जमा होते. आपल्याकडे हें काम आपण स्वतःच्या हातानें करावें हें उत्तम.

आतां कोणी विचारील, बँक हा पैसा कोठून देते? विद्यार्थ्यांनो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण जगांत फुकट कांहींच मिळत नाहीं. कार्डावर झालेल्या विक्रीपैकीं शेंकडा दीड-दोन रुपये दुकानदारास सोडावे लागतात. त्यांतील कांहीं अंश ग्राहकाकडे येतो. दुसरा मोठा झरा म्हणजे जे लोक वेळेवर बिल भरीत नाहींत त्यांचें व्याज. म्हणजे दक्ष माणसास मिळणारें बक्षीस अंशतः गाफील माणसाच्या खिशांतून येतें. आपण या दोहोंपैकीं कोण, हें ठरविल्यावांचून कार्ड घेऊं नये.

आतां हिशेब पाहूं. एका नोकरदार कुटुंबाचा महिन्याचा दहा हजारांचा आवश्यक खर्च कार्डानें होतो, व शेंकडा दीड रुपया परत मिळतो असें धरूं. महिन्याचे १५० रुपये झाले. हे १५० रुपये दरमहा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधींत, म्हणजे पी. पी. एफ. खात्यांत टाकिले, आणि एप्रिल २०२० मध्यें ठरलेला शेंकडा ७.१ हा दर पंधरा वर्षें टिकला, तर भरलेल्या २७,००० रुपयांचे सुमारें ४७,३०० रुपये होतात. १९६८ सालीं निघालेली ही योजना पोस्टांतही मिळते, व वर्षास कमींत कमी ५०० रुपये भरिले तरी चालतें. मुलगी दहा वर्षांच्या आंत असेल तर २०१५ सालची सुकन्या समृद्धि योजना अधिक हिताची; तिचें खातें अवघ्या २५० रुपयांनीं उघडतें, आणि मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उतरली म्हणजे शिक्षणासाठीं अर्धी शिल्लक काढितां येते. या रकमेंत संपूर्ण पदवी होणार नाहीं, हें उघड आहे. परंतु नागपुरास किंवा पुण्यास जाणाऱ्या मुलाची प्रवेशाची रक्कम, वसतिगृहाची अनामत व पहिल्या वर्षाचीं पुस्तकें यांस ती मोठाच हातभार लावील.

हें झालें उजळ अंग. आतां काळें अंग पाहा. बिल थकलें म्हणजे पुष्कळ कार्डांवर दरमहा शेंकडा साडेतीनच्या घरांत व्याज चढतें, म्हणजे वर्षास बेचाळीस. शिवाय त्या व्याजावर शेंकडा अठरा कर. दहा हजार एक महिना थकले तर ४१३ रुपये गेले. जवळजवळ तीन महिन्यांचें बक्षीस बुडालें! पांच महिने थकले तर वर्षाचे १,८०० रुपये नाहींसे होऊन वर पदरचे द्यावे लागतात. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून जो लहानसा आंकडा असतो, तो तर मोठाच मोहक आहे. समजा दहा हजारांपैकीं ५०० भरिले. उरलेल्या ९,५०० वर पुढील महिन्यांत सुमारें ३९२ रुपये चढतात. पांचशें देऊन कर्ज फिटलें अवघें १०८ रुपयांचें!

म्हणून पांच नियम पाळावे. बिल नेहमीं पुरें व मुदतीपूर्वीं भरावें. बक्षिसासाठीं एकही अधिक वस्तू घेऊं नये. शंभरांची अनावश्यक वस्तू घेऊन दीड रुपया मिळविणें ही काटकसर नव्हे. कार्डाची वार्षिक फी आणि दुकानदार कार्डासाठीं वेगळा आकार घेत असल्यास तो, हीं बक्षिसांतून वजा करून पाहावीं. आणि त्या कार्डानें रोख रक्कम कधींही काढूं नये, कारण तिचें व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतें. शेवटीं, परत आलेली रक्कम त्याच दिवशीं मुलाच्या खात्यांत टाकावी. नाहीं तर ती घरखर्चांत केव्हां विरून गेली हें कळतही नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील शेतकरी पालकांस मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कार्डाचें बिल दर महिन्यास येतें, आणि कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो. ज्या घरीं मिळकत हंगामावर अवलंबून आहे, तेथें हें कार्ड सांचविण्याचें नव्हे, कर्जाचें साधन होण्याचा संभव अधिक. अशा घरानें कापूस अथवा सोयाबीन विकलें कीं पहिल्याच दिवशीं कांहीं रक्कम मुलांच्या नांवें पोस्टांत ठेवावी. कार्डावांचून त्यांचें कांहींएक अडत नाहीं.

कारण खरी शक्ति कार्डांत नाहीं, नियमितपणांत आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं वर्षास एक पैसा मागून पैसा फंड उभारिला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना निघाला. १९३६ पासून सेवाग्रामीं राहिलेल्या महात्मा गांधींनीं विलायतेंत विद्यार्थी असतांना पै-पैचा हिशेब लिहून ठेविला होता, असें त्यांनींच आत्मचरित्रांत सांगितलें आहे. विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आज कार्ड मिळणार नाहीं व मिळूंही नये. परंतु एक वही मिळेल. घरांतील महिन्याचा खर्च आईबापांजवळ बसून तींत लिहा. कोणता खर्च टळण्याजोगा होता तें शोधा, आणि जी शिल्लक निघेल ती आपल्याच नांवें जमा करावयास सांगा. ज्या मुलानें आपल्या शिक्षणाची शिदोरी अशी दाणा दाणा जमतांना पाहिली, तो कॉलेजांत गेल्यावर ती सहसा उधळणार नाहीं.