रिपोर्ट म्हणजे कॅरेक्टर सर्टिफिकेट नव्हे!

रिक्षात बसल्यापासून मैत्रिणीचा एकच प्रश्न, ‘म्हणजे नवऱ्याने मला फसवलं का गं?’ तिशी गाठल्यावर केलेल्या पहिल्याच टेस्टमध्ये तिचा एचपीव्ही पॉझिटिव्ह आला होता. मी सोबत म्हणून निघाले होते, पण माझ्याही पोटात गोळाच आला.

डॉक्टरबाईंनी आधी पाणी दिलं, मग समजावलं. सेक्शुअली अ‍ॅक्टिव्ह असलेल्या बहुतेकांना हा व्हायरस कधी ना कधी गाठतोच. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. त्यामुळे कधी आला, कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगूच शकत नाही. दहापैकी नऊ वेळा शरीर दोनेक वर्षांत त्याला हुसकावून लावतं. धोका असतो तो ठाण मांडून बसणाऱ्या काही टाइप्सचा. त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोघे मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरला कारणीभूत ठरतात.

आणि हो, रक्ताच्या तपासणीत हा सापडत नाही! पॅप स्मिअरमध्ये पेशींमधले बदल दिसतात, तर एचपीव्ही टेस्ट थेट व्हायरसच शोधते. तिशीनंतर ही टेस्ट दर पाच ते दहा वर्षांनी करावी, असं डब्ल्यूएचओ सांगते. लस मात्र लहान वयात, संसर्गाआधी घेतलेली उत्तम. आधीच झालेला संसर्ग तिने जात नाही.

मैत्रिणीच्या पेशी नॉर्मल निघाल्या. वर्षाने पुन्हा तपासणी. खाली उतरताच तिने नवऱ्याला फोन लावला, ‘संध्याकाळी बोलायचंय. भांडायला नाही रे, सांगायला.’

सो गर्ल्स, पार्लरची अपॉइंटमेंट घेताय ना? सोबत ही पण घेऊन टाका!