गवा कोणाच्या नात्याचा ?



दाजीपूरच्या अरण्यांत फिरून आलेला कोल्हापूरकर घरीं परतला म्हणजे 'आज गवा रेडा पाहिला' असें मोठ्या अभिमानानें सांगतो. हें नांव आपल्याकडे इतकें रूढ आहे कीं, त्याविषयीं कोणाला शंकाहि येत नाहीं. काळाभोर वर्ण, अवाढव्य देह आणि रोखून पाहण्याची ती रीत, हें सर्व पाहिल्यावर गव्याला रेड्याचा भाऊबंद समजावें, यांत नवल तें काय ? परंतु प्राणिशास्त्राचा निवाडा असा आहे कीं, गवा हा रेड्याचा नव्हे, बैलाचा भाऊबंद होय. डोळ्यांना दिसतें त्याच्या उलट असा निवाडा शास्त्र कोणत्या आधारावर देतें, तें आज पाहावयाचें आहे. हा वाद केवळ नांवाचा नाहीं. ज्याच्या दारांत दुभतें जनावर बांधलेलें आहे, त्याच्या संसाराशींहि या विषयाचा संबंध पोहोंचतो.

साम्य दोन प्रकारचें असतें. पंढरपुरी म्हशीचें तलवारीसारखें लांब, पाठीकडे गेलेलें शिंग आणि खिलार बैलाचें वर उठलेलें अणकुचीदार शिंग यांचा आकार अगदीं निराळा. तरीपण दोहोंच्या आंत हाडाचा गाभा आणि त्यावर शिंगद्रव्याचें आवरण, ही घडण एकच. उलट गेंड्याच्या शिंगांत हाड मुळींच नसतें; आपले केस व नखें ज्या द्रव्याचीं बनतात, त्याच द्रव्याचें तें भरीव बनलेलें असतें. काम एकच, पण मूळ वेगळें. पहिल्या प्रकारच्या साम्याला 'समजातता' म्हणतात आणि दुसऱ्याला 'समवृत्तिता'. हा भेद इंग्रज शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यानें १८४३ सालीं स्पष्टपणें मांडला. पण अशी एकच घडण निरनिराळ्या प्राण्यांत कां आढळावी, याचें समाधानकारक उत्तर १८५९ सालीं डार्विननें दिलें. तें उत्तर असें कीं, या प्राण्यांचा पूर्वज एक होता आणि त्याची ठेव प्रत्येकानें आपापल्या परीनें वापरली.

ही ठेव पिढ्यान् पिढ्या चालत येते ती कोणत्या रूपानें ? मेंडेलनें वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६६ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हांपासून या प्रश्नाच्या उत्तराला प्रारंभ झाला. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत गुणसूत्रें नांवाचे सूक्ष्म धागे असतात. ते जोडीजोडीनें असतात. जोडींतील एक आईकडून आलेला, दुसरा बापाकडून. या धाग्यांवर जनुकें ओळीनें, आपापल्या ठरलेल्या जागीं बसलेलीं असतात. गाईच्या पेशींत अशीं ६० गुणसूत्रें आहेत, गव्याच्या पेशींत ५८, आणि पंढरपुरी म्हशीच्या पेशींत ५०. मग म्हशीचीं दहा गुणसूत्रें हरवलीं कीं काय ? तसें नाहीं.

लिंग ठरविणारी एक जोडी बाजूला ठेवली तर गाईच्या २९ जोड्या उरतात. पेशी दुभंगतांना प्रत्येक गुणसूत्र एका गांठीला धरून ओढलें जातें. गाईच्या या सर्व गुणसूत्रांत ती गांठ टोकाशीं असते. म्हणजे तीं एकाच भुजेचीं असतात. म्हशीच्या २४ जोड्या उरतात. त्यांपैकीं १९ एका भुजेच्या. पण उरलेल्या ५ जोड्यांत गांठ आंतल्या बाजूला असून तिच्या दोहों अंगांना भुजा आहेत. आतां गुणसूत्रें न मोजतां भुजा मोजा. पांच दुणे दहा, आणि एकोणीस, एकूण एकोणतीस! गव्याच्या २८ जोड्यांपैकीं एक दोन भुजांची आणि सत्तावीस एका भुजेच्या. बेरीज पुन्हां एकोणतीसच.

हा केवळ आंकड्यांचा योगायोग नाहीं. १९७० च्या सुमारास गुणसूत्रांवर रंगाचे आडवे पट्टे उमटविण्याची रीत शास्त्रज्ञांच्या हातीं आली. त्या पट्ट्यांवरून आणि पुढें प्रत्यक्ष जनुकांच्या जागांवरून भुजेला भुजा ताडून पाहण्यांत आली. म्हशीच्या पहिल्या गुणसूत्राची एक भुजा गाईच्या पहिल्या गुणसूत्राशीं जुळते, तर दुसरी सत्ताविसाव्याशीं. म्हणजे कांहीं हरवलें नाहीं. सुटे धागे एकमेकांस जोडले गेले, इतकेंच.

येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाईच्या दुसऱ्या गुणसूत्राचा जो जोडीदार म्हशींत आहे, तो तेविसाव्याच्या जोडीदाराशीं सांधलेला आहे. गव्यांत मात्र तोच अठ्ठाविसाव्याच्या जोडीदाराशीं सांधलेला आहे. दोघांचेंहि गुणसूत्र दोन भुजांचें दिसतें खरें, पण ते सांधे निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळ्या वेळीं झाले. भुजा समजात, सांधा मात्र समजात नव्हे. तेव्हां नातें ठरवावयाचें तें गुणसूत्रांच्या आकारावरून वा संख्येवरून नव्हे, तर त्यांतील मजकुरावरून. तो मजकूर अक्षरशः वाचला असतां गव्याचा पाठ गाईच्या पाठाशीं अधिक जवळचा ठरतो. गाय आणि गवा यांचा संकर होऊं शकतो. त्यांतील माद्यांना पुढें वासरेंहि होतात, नर मात्र बहुधा वंध्य निपजतात. गाय आणि म्हैस यांच्या संकरांतून वासरूं जन्मास येत नाहीं. या दोन शाखा लक्षावधि वर्षांपूर्वीं फुटल्या आहेत.

मनुष्यहि या नियमाबाहेर नाहीं. चिंपांझीचीं गुणसूत्रें ४८, आपलीं ४६. आपलें दुसरें गुणसूत्र दोन जुन्या गुणसूत्रांच्या सांध्यापासून झालेलें आहे. एरव्हीं टोकालाच आढळणारी खूण त्याच्या आंतल्या भागांत, सांध्याच्या जागीं सांपडल्याचें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें.

असे सांधे आजहि जुळतात, आणि येथेंच गोठ्याचा संबंध येतो. गाईचें पहिलें आणि एकोणतिसावें गुणसूत्र कांहीं जनावरांत एकमेकांस चिकटलेलें असतें, हें १९६४ सालीं स्वीडनमध्यें उघडकीस आलें. असा वळू ५९ गुणसूत्रांचा असतो. तो दिसावयास धडधाकट, मजकूर सर्व पुरा. पण त्याच्या शुक्रपेशी तयार होतांना दोन सुटीं आणि एक सांधलेलें अशा तिघांची वांटणी करावी लागते. ती कधीं कधीं चुकते. एखादें गुणसूत्र कमी पडतें किंवा अधिक होतें. अशा पेशीपासून झालेला गर्भ थोड्याच दिवसांत नष्ट होतो, गाय पुन्हां माजावर येते, आणि मालक म्हणतो, 'गाय उलटली !' म्हशींत हा त्रास कां नाहीं ? कारण तेथें जोडीचीं दोन्ही गुणसूत्रें सांधलेलींच असतात, आणि वांटणी बिनचूक होते.

पूर्वीं वळूचा दोष फार तर एका गांवापुरता राही. कृत्रिम रेतनाच्या काळांत एकाच वळूचें रेत हजारों गाईंपर्यंत पोहोंचतें. म्हणून वळूंचीं गुणसूत्रें आधीं तपासण्याची पद्धति पडली आहे. आपल्या जिल्ह्यांत दुधाच्या पैशावर कितीएक घरांचा किराणा आणि मुलांची फी चालते. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावणाऱ्यानें त्या घरांची आठवण ठेवावी. गाय उलटण्याचीं कारणें पुष्कळ आहेत : वैरण अपुरी असते, गर्भाशयाचा विकार असतो, माजाची वेळ चुकते. परंतु एकाच वळूच्या रेतानें अनेक गाई वारंवार उलटूं लागल्या, तर दृष्ट काढीत बसण्यापेक्षां पशुवैद्याला तसें सांगावें आणि वळूची तपासणी झाली आहे कीं नाहीं, तें विचारावें. वळूचें रूप पाहून त्याची पारख पुरी होत नाहीं.