घरची बोली आणि शाळेचे व्याकरण

मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यावरील मूल पहिलीच्या वर्गात येते तेव्हा ते व्याकरण बरोबर घेऊनच आलेले असते. फक्त ते व्याकरण मालवणी बोलीचे असते आणि पाठ्यपुस्तकातले प्रमाण मराठीचे, म्हणजे लेखन, शिक्षण व कारभार यांसाठी सर्वत्र स्वीकारलेल्या रूपाचे असते. घरी ‘माका पाणी व्हया’ म्हणणाऱ्या मुलाला वहीत ‘मला पाणी हवे’ असे लिहावे लागते, आणि हे अंतर शिक्षक चूक म्हणून खोडतात की फरक म्हणून समजावून देतात, यावर त्या मुलाची लेखनाची हिंमत ठरते.

हा फरक नियमबद्ध आहे. मालवणीतला ‘आंबो’, ‘घोडो’, ‘मासो’ प्रमाण मराठीत ‘आंबा’, ‘घोडा’, ‘मासा’ होतो. परंतु प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या रूपात होणारा बदल, ज्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, तो दोन्हीकडे सारखाच असतो. ‘घोड्याक’ आणि ‘घोड्याला’ हे शब्द फळ्यावर शेजारी लिहिले, तर ‘घोडो’चे ‘घोड्या’ करण्याचा अवघड भाग मुलाला आधीच येतो आणि ‘क’च्या जागी ‘ला’ एवढेच त्याला नव्याने शिकायचे आहे, हे त्याच्या स्वतःच्या ध्यानात येते.

अनुस्वाराचेही तसेच आहे. मालवणीत ‘झाडां’ हे अनेकवचन नाकातून उच्चारले जाते आणि जुन्या मराठी लेखनातही ‘झाडें’ असे टिंब दिले जाई. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले. म्हणून वहीत असे टिंब देणारे मूल निष्काळजी नसते, ते आपल्या कानाशी प्रामाणिक असते, आणि हे ओळखूनच त्याला आजची रीत सांगावी लागते.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठीला या शास्त्राची समृद्ध परंपरा आहे, तथापि असे पृथक्करण भाषा हाताळता येऊ लागल्यावर फळते, आणि सात वर्षांच्या मुलाने नामाची व्याख्या घोकली म्हणून त्याला चार वाक्ये लिहिता येत नाहीत. त्याला आधी सांगण्याजोगे काही हवे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ज्याने पाहिले आहे, तो होडीने जाळे कसे टाकले, दोन्ही टोके माणसांनी कशी ओढली आणि मासळीचे वाटे कसे झाले, हे क्रमाने सांगू शकतो. ते प्रथम बोलीत बोलून घ्यावे, मग त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि शेवटी प्रमाण मराठीत उतरवावे. ‘आधी’, ‘मग’, ‘म्हणून’ ही वाक्ये जोडणारी अव्यये त्या ओघात गरजेपोटीच येतात.

संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क ने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय देण्याचे सांगितले आहे आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. शाळेचे माध्यम मराठी आहे, एवढ्याने या विचाराचे सार्थक होत नाही, कारण मालवणी मुलाची घरची भाषा त्या मराठीच्या आतच वेगळी नांदते. ‘माका’ खोडून ‘मला’ लिहिण्याऐवजी ‘माका’शेजारी ‘मला’ लिहिणारा शिक्षक मुलाच्या हाती दोन्ही रूपे ठेवतो. त्यांची तुलना करताना त्या मुलाच्या व्याकरणाला खरा आरंभ होतो.