टोळधाडीचा इशारा आणि खुल्या नोंदींचे मोल

मे २०१८ मध्ये ‘मेकुनू’ व ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘लुबान’ ही चक्रीवादळे अरबी द्वीपकल्पावर धडकली. त्यांच्या पावसाने रुब अल खाली या निर्जन वाळवंटात वाळू ओलावली, हिरवळ उगवली आणि वाळवंटी टोळांच्या तीन पिढ्या निर्वेध वाढल्या. पावसाची माहिती उपग्रहांकडून मिळत होती. मात्र प्रत्यक्ष टोळ पाहून नोंद करणारे तेथे कोणी नव्हते. पुढे पूर्व आफ्रिका, इराण, पाकिस्तान व राजस्थान असा विस्तार होत मे २०२० मध्ये टोळधाड विदर्भापर्यंत पोहोचली.

हवामानाची व किडीची नोंद एकत्र आली, तरच इशारा वेळेवर देता येतो, हा यातील बोध होय. टोळाची अंडी उबण्यास लागणारा काळ मातीच्या तापमानावर व ओलाव्यावर अवलंबून असतो. म्हणून निरनिराळ्या देशांतील सर्वेक्षक स्थान, तारीख, ओलावा, वनस्पती आणि टोळांची अवस्था ठरावीक नमुन्यात नोंदवितात. ही माहिती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या रोम येथील केंद्रात संकलित होऊन संशोधकांसाठी खुली केली जाते. भारतात १९३९ मध्ये स्थापन झालेली टोळ चेतावणी संघटना या साखळीतील महत्त्वाचा दुवा आहे.

माहिती केवळ खुली असून भागत नाही. ती सापडावी, मिळावी, अन्य माहितीशी जुळावी व पुन्हा वापरता यावी, ही चार तत्त्वे २०१६ मध्ये मांडण्यात आली. त्यांचा पाया शेताच्या बांधावरच घातला जातो. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

• प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ व जीपीएस स्थान लिहावे.
• मोजमापाचे एकक व निरीक्षणाची पद्धत नमूद करावी.
• कीड आढळली नाही, तर ‘०’ लिहावे. रकाना रिकामा ठेवू नये. ‘पाहिले, पण आढळली नाही’ आणि ‘पाहिलेच नाही’ यांत मोठा फरक आहे.
• मूळ नोंद जपून ठेवावी. दुरुस्ती तारखेसह स्वतंत्रपणे करावी.
• माहिती खुली करताना शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व भ्रमणध्वनी क्रमांक वगळावेत.

सर्वेक्षणात आढळलेले शून्यही मोलाचे असते, कारण कीड कोठून व केव्हा पसरू लागली, हे त्यावरूनच ठरविता येते. रिकाम्या रकान्यातून मात्र कोणताही इशारा निघत नाही.