फळीची पारख टोकाकडून

उत्तर अमेरिकेतील बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो आणि त्यावर बाहेरून, वरच्या फळीची कड खालच्या फळीवर येईल अशा बेताने आडव्या फळ्यांचे जे आवरण ठोकले जाते, त्यास सायडिंग म्हणतात. हे लाकूड घेताना सीडर की पाइन, असा जातीचा प्रश्न आधी विचारला जातो. वस्तुतः फळी ओंडक्याच्या कोणत्या भागातली आहे आणि कोणत्या दिशेने कापलेली आहे, यावरही तिचे आयुष्य तितकेच अवलंबून असते.

खोडाच्या आतल्या गाभ्यास मध्यकाष्ठ आणि सालीलगतच्या, पाणी वाहून नेणाऱ्या फिकट थरास रसकाष्ठ म्हणतात. ब्रिटिश कोलंबियाच्या किनारी जंगलांतील वेस्टर्न रेड सीडर सहसा कुजत नाही, ही ख्याती त्याच्या मध्यकाष्ठातील बुरशीरोधक द्रव्यांची आहे. रसकाष्ठ मात्र कोणत्याही जातीचे टिकाऊ नसते, आणि सागवान पारखणारा आपल्याकडचा सुतार पांढरट पट्ट्याची फळी बाजूला काढतो, तोही याच कारणाने.

कापाची दिशा त्याहून सूक्ष्म बाब आहे. ओले सीडर पूर्ण सुकेपर्यंत वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५ टक्के आकसते, तर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने जेमतेम २.४ टक्के. त्यामुळे टोकाकडून पाहिल्यावर ज्या फळीत वलयांच्या रेषा रुंद पृष्ठाशी काटकोनात उभ्या दिसतात, ती रुंदीत कमी आकसते, सहसा पिळत नाही आणि रंगही अधिक काळ धरून ठेवते. अर्थात ती महागही असते.

एवढी पारख करूनही फळ्या बसवताना हयगय झाली तर खर्च वाया जातो. फळ्यांमागे सुमारे १० मिलिमीटरची पोकळी ठेवली, तर आत शिरलेले पाणी निथळते आणि हवा खेळती राहते. फळीची पाठ आणि विशेषतः कापलेली टोके आधीच रंगवावी लागतात, कारण लाकूड टोकांतून सर्वाधिक पाणी शोषते. साधा लोखंडी खिळा सीडरमधील टॅनिनशी संयोग पावून काळे ओघळ सोडतो, म्हणून खिळे स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, आणि तळची फळी जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर असावी. पैसा मोजकाच असेल, तर भिंतीला चिकटवून ठोकलेल्या उंची सीडरपेक्षा मागे पोकळी सोडून, सर्व बाजूंनी रंगवून बसवलेले साधे पाइन घेणेच शहाणपणाचे.