मातीला परत करता येईल असे घर

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात, धौलाधारच्या पायथ्याशी, धर्मशाळेजवळ सिद्धबाडी नावाचे गाव आहे. या परिसरात काही घरे अशी दिसतात की, ती जमिनीवर बांधली नसून जमिनीतूनच वर आली असावीत, असा भास व्हावा. ओढ्यातील गोट्यांचे जोते, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या भिंती, बांबू व लाकडाचे वासे आणि वर पाटीच्या दगडाचे छप्पर. या घरांच्या मागे दीदी कॉन्ट्रॅक्टर यांची दृष्टी आहे.

१९२९ साली अमेरिकेत जन्मलेल्या दीदी विवाहानंतर भारतात आल्या. नाशिक आणि मुंबई येथे त्यांनी संसार केला आणि पुढे कांगडा खोऱ्यात त्या कायमच्या स्थायिक झाल्या. वास्तुशास्त्राची कोणतीही पदवी नसताना त्यांनी मातीची घरे उभारली आणि तरुणांना ती विद्या शिकवली. २०१९ मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार प्रदान करण्यात आला. जुलै २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मातीची भिंत ही अडाणीपणाची खूण नव्हे. तिचेही शास्त्र आहे. सुपीक वरचा थर बाजूला सारून खालची माती घ्यावयाची. काचेच्या बरणीत पाणी घालून ती ढवळली की प्रथम वाळू तळाशी बसते, नंतर गाळ आणि शेवटी चिकणमाती. या थरांवरून मिश्रणाचे प्रमाण ठरते. तडे जाऊ नयेत म्हणून भाताचा पेंढा मिसळतात. खालून ओल चढू नये म्हणून दगडी जोते आणि पावसाचा मारा चुकविण्यासाठी पुढे आलेले छप्पर, एवढे सांभाळले की भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिची डागडुजी मात्र वेळच्या वेळी करावी लागते. उद्या ती पाडावी लागली, तर तीच माती भिजवून नवी भिंत उभारता येते. सिमेंट न मिसळलेल्या मातीचे हे खरे वैभव होय.

मात्र असे घर बांधू पाहणाऱ्याला आज एका नव्या अडचणीला तोंड द्यावे लागते. वस्तीजवळची माती चाळू लागताच चाळणीत खड्यांबरोबर पिशव्यांचे तुकडे आणि पुड्यांची वेष्टने उरतात. जुन्या गावगाड्यात टाकाऊ असे फारसे काही नव्हतेच. शेण शेतात जाई, फाटक्या लुगड्याची गोधडी होई, मोडकी टोपली चुलीत जाई. प्लास्टिक ही या चक्रात स्थान नसलेली वस्तू आहे. ते जाळले तर विषारी धूर घरातल्यांच्याच छातीत जातो. उघड्यावर टाकले तर गुरांच्या पोटात जाते. ओढ्यात टाकलेले वाहत बियास नदीला मिळते आणि पुढे पोंग धरणाच्या जलाशयात, जेथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, तेथवर पोहोचू शकते.

कायद्याने याची दखल घेतली आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायतींवरही जबाबदारी सोपवली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. तथापि, चिवडा-वेफर्सच्या चकचकीत पुड्या बाजारात आहेतच. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने त्यांचा पुनर्वापर अतिशय कठीण असतो.

यावर एक उपाय अनेकजण सुचवितात. रिकाम्या बाटल्यांत अशी वेष्टने ठासून भरावीत आणि त्या बाटल्या विटांप्रमाणे भिंतीत बसवाव्यात. उघड्यावर जाळण्यापेक्षा हे निश्चितच बरे. परंतु जी भिंत पुन्हा मातीत मिसळावी म्हणून मातीची उभारली, तिच्याच पोटात कधीही न मिसळणारी वस्तू दडवावी काय? आज कचरा नजरेआड होतो. पण भिंत पडेल त्या दिवशी तो नातवंडांच्या हाती येईल. बाटल्या भरल्याचे समाधान मिळू लागले, की पुडा विकत घेताना मन कचरत नाही, हा धोका वेगळाच.

म्हणून खरा उपाय भिंतीपाशी नव्हे, तर उंबरठ्यापाशी सुरू होतो. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा : काम संपल्यावर ही जाणार कोठे? सुट्या धान्यासाठी कापडी पिशवी, तेलासाठी घरची बरणी, कामावरच्या मजुरांसाठी पुड्यांऐवजी घरचे भाजलेले चणे आणि गूळ, हे सारे कोणालाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी मातीच्याच घरात राहावयास हवे, असेही नाही.

घर बांधणारा मनुष्य धरणीकडून माती, दगड आणि लाकूड उसने घेतो. घेतलेले कर्ज फेडणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. कांगड्याच्या त्या मातीच्या भिंती एक दिवस आपले देणे पूर्णपणे फेडतील. आपल्या घरातून रोज बाहेर पडणाऱ्या केराच्या बादलीचे काय, याचा हिशेब मात्र ज्याचा त्यानेच मांडावयाचा आहे.