कोरियाचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर कोच झाला, आणि वर्ल्डकप सुरू असतानाच त्याला घरी पाठवलं

सॉन ह्युंग-मिनची ओळख फुटबॉल बघणाऱ्यांना करून द्यावी लागत नाही. पण २०१९ मध्ये सॉननं युरोपातल्या सर्वाधिक गोलचा जो कोरियन विक्रम मोडला, तो ३० वर्षं एकाच माणसाच्या नावावर होता. चा बुम-कुन. जर्मन प्रेक्षक त्याला ‘चा बूम’ म्हणायचे.

डिसेंबर १९७८ मध्ये तो डार्मश्टाट क्लबकडून एक मॅच खेळला आणि थेट मायदेशी परतला. कारण? सक्तीची लष्करी सेवा अपुरी राहिली होती. ती उरकून १९७९ ला तो फ्रँकफर्टकडे आला आणि पहिल्याच सीझनमध्ये टीमनं युएफा कप उचलला. पुढे तो लेव्हरकुसेनला गेला. १९८८ च्या युएफा कप फायनलमध्ये लेव्हरकुसेन पहिला लेग एस्पान्योलकडून ३-० नं हरलं होतं. घरच्या मैदानावर हिशोब बरोबरीत आणणारा तिसरा गोल चा बुम-कुनचा. कप मिळाला पेनल्टी शूटआउटमध्ये. जर्मन लीगमध्ये त्याचे एकूण ३०८ मॅचमध्ये ९८ गोल आहेत.

असा माणूस नॅशनल टीमचा कोच होणारच. त्याच्या हाताखाली १९९७ मध्ये कोरियानं टोकियोत जाऊन जपानला २-१ नं हरवलं आणि १९९८ च्या वर्ल्डकपचं तिकीट मिळवलं. फ्रान्समध्ये मात्र सगळं फिसकटलं. आधी मेक्सिकोकडून ३-१ नं हार, मग नेदरलँड्सकडून ५-०. एक मॅच बाकी होती, तरी फेडरेशननं त्याला काढून टाकलं. बेल्जियमविरुद्धची ती शेवटची मॅच कोरियानं त्याच्याशिवाय १-१ अशी सोडवली.

पुढे कोरियन लीगमध्ये फिक्सिंग चालतं असं तो बोलला, तर त्याच्यावर ५ वर्षांची बंदी आली. मग त्यानं चीनमधल्या शेन्झेनच्या क्लबची कोचिंग केली.

आता गंमत बघा. ते ५ गोल घालणाऱ्या डच टीमचा कोच होता गस हिडिंक. कोरियानं पुढच्या वर्ल्डकपसाठी त्यालाच बोलावलं! २००२ मध्ये कोरिया सेमीफायनलला पोहोचला, समोर होती जर्मनी. त्या दिवशी हिडिंकनं सुरुवातीपासून मैदानात उतरवलेल्या अकरा जणांत होता चा दु-री. चा बुम-कुनचा, फ्रँकफर्टमध्ये जन्मलेला मुलगा.

बापाला कोरियात पुन्हा टीम मिळाली ती २००४ ला, सुवॉन सॅमसंग. पहिल्याच वर्षी त्यानं त्यांना लीग जिंकून दिली, २००८ मध्ये पुन्हा एकदा.